कॉल महाग नसतो, बिऱ्हाड महाग असतं

बिझनेस प्रोग्रामिंगमध्ये काही समजुती आजीच्या लोणच्याच्या बरणीसारख्या असतात. बरणी एका फडताळातून दुसऱ्या फडताळात जाते, तिच्यावरचा दादरा कुणी सोडत नाही, आणि आत काय शिल्लक आहे ते कुणाला ठाऊक नसतं. त्यातली एक बरणी आज सोडायची आहे. विषय असा: एखादं काम वेगळ्या प्रोग्रामला कॉल करून करून घ्यावं, की त्याच प्रोग्राममध्ये बांधलेल्या सबप्रोसीजरकडून? आणि दोन्हीतलं फास्ट कोणतं?

मी या कॉलेजातून बाहेर पडल्यापासून पुण्यात एकाच प्रकारच्या मशीनवर काम करतोय. या प्रश्नावर टीममध्ये तट पडलेले मी पाहिले आहेत. एक पार्टी म्हणते, प्रोग्राम कॉल म्हणजे बैलगाडी, सगळं सबप्रोसीजरमध्ये घाला, जॉब पळायला लागेल. दुसरी म्हणते, काही फरक पडत नाही, बाप-आजोबांपासून प्रोग्राम कॉल चालत आलेत, चालू द्या. तिसरी पार्टी सर्वांत धोकादायक. ती म्हणते, कॉल म्हटला की वेळ जाणारच, तेव्हा कॉलच नको, सगळा कोड एकाखाली एक सलग लिहा. (ही मंडळी बहुधा सीनियर असतात, म्हणून कोडिंग स्टँडर्ड्सच्या फाइलमध्ये त्यांचंच वाक्य छापलं जातं.)

माझं मत सरळ आहे. तिघंही चुकीच्या गोष्टीचा हिशेब करतायत. कॉल क्वचितच महाग असतो. महाग असतं ते कॉलच्या मागेपुढे केलेलं काम. ते ओळखता येत नाही म्हणून आपण कॉलला शिव्या देतो, आणि त्यापायी असा कोड लिहून ठेवतो की पुढची पोरं तो निस्तरत बसतात.

आधी मशीनची ओळख करून देतो, कारण सिलॅबसमध्ये ते नाही. आयबीएमने २१ जून १९८८ रोजी एएस/४०० नावाचा संगणक बाजारात आणला. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात रॉचेस्टर गाव आहे, तिथल्या प्रयोगशाळेत तो घडला, आणि त्याच्या घडणीत फ्रँक सॉल्टिस हे नाव सर्वांत मोठं. त्याचा पूर्वज सिस्टिम/३८, १९७८ चा. पुढे नावं बदलत गेली: २००० साली आयसिरीज, २००६ ला सिस्टिम आय, आणि २००८ पासून पॉवर सर्व्हरवर चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम म्हणून आयबीएम आय. तिची ७.६ ही आवृत्ती एप्रिल २०२५ मध्ये आली. म्हणजे हे म्युझियममधलं यंत्र नाही. जगभर गोदामं, कारखाने, विमा कंपन्या, बँका यांचे हिशेब त्यावर चालतात. त्यातला बराच कोड पुण्या-मुंबईत बसून आपल्यासारखीच पोरंपोरी सांभाळतात. हॉस्टेलवर "जावा की डॉटनेट" यावर रात्री जागवणाऱ्यांपैकी कुणाच्या नशिबात हे येईल ते सांगता येत नाही! माझ्या आलं.

त्यावरची मुख्य भाषा आरपीजी. म्हणजे रिपोर्ट प्रोग्राम जनरेटर. जन्म १९५९ चा, पंचकार्डांच्या जमान्यातला. आज ती नेहमीच्या भाषांसारखी मोकळी लिहिता येते, पण फार वर्षं ती कॉलमला बांधलेली होती. सहाव्या कॉलममध्ये अमुक अक्षर, नाहीतर एरर.

आता ही समजूत आली कुठून? ती आकाशातून पडलेली नाही. १९९४ साली आरपीजीची चौथी पिढी आली. त्याआधी आरपीजीत काम तोडून लिहायचे दोनच रस्ते होते. एक सबरूटीन: त्याच प्रोग्राममधला एक तुकडा, त्याला ना स्वतःची व्हेरिएबल्स, ना पॅरामीटर. सगळं ग्लोबल. दुसरा रस्ता थेट वेगळ्या प्रोग्रामला कॉल. सबरूटीन फुकटात पडायची, कारण ती नुसती उडी. आणि प्रोग्राम कॉल त्या काळच्या मशीनवर खरोखर जड जायचा. मग शहाणी माणसं काय करणार? सबरूटीनच लिहिणार, आणि दहा प्रोग्राममध्ये लागणारी सबरूटीन दहादा कॉपी करणार. त्या वेळी ते योग्यच होतं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आरपीजीत सबप्रोसीजर आल्या: स्वतःची लोकल व्हेरिएबल्स, स्वतःचे पॅरामीटर, परत येणारी किंमत, आणि कॉल आधीच बांधून ठेवलेला. त्यालाही आता तीस वर्षं होत आली. मशीनं बदलली, कंपायलर बदलले, बरणी मात्र तीच.

कॉल होतो म्हणजे नेमकं काय होतं ते हॉस्टेलच्या भाषेत सांगतो.

तुमच्या रूमवर पार्टनर बसलाय. "अरे, १८ टक्के काढ रे याचे," म्हणून हाक मारली, त्याने मान वर करून उत्तर दिलं. ही सबप्रोसीजर. कुठे बसलाय ते आधीच ठाऊक, कारण प्रोग्राम तयार करतानाच त्याला तुमच्याशी जोडलेलं असतं. थोडी जागा स्टॅकवर घ्यायची, पॅरामीटर द्यायचे, झालं. सर्व्हिस प्रोग्राम नावाचा एक प्रकार असतो, त्यात अशा अनेक सबप्रोसीजर एकत्र ठेवतात आणि त्या अनेक प्रोग्रामना वापरता येतात. तो म्हणजे मजल्यावरची कॉमन रूम: सकाळी एकदा कुलूप काढलं की दिवसभर कुणीही जावं.

आता मित्र दुसऱ्या हॉस्टेलला राहतो. पहिल्यांदा जाताना गेटवर रजिस्टरमध्ये नाव लिहा, वॉचमनला विचारा, रूम नंबर शोधा. हा प्रोग्राम कॉल. मशीन लायब्ररी लिस्टमधून त्या नावाचा प्रोग्राम हुडकतं, तुम्हाला तो चालवायची परवानगी आहे का बघतं, त्याच्यासाठी मेमरीत जागा मांडतं, त्याच्या फाइली उघडतं. पण, आणि हा 'पण' महत्त्वाचा आहे, दुसऱ्यांदा जाताना रूम नंबर तुम्हाला पाठ असतो. आरपीजीसुद्धा नाव ठरलेलं असेल तर एकदा सापडलेला पत्ता जपून ठेवते, दर वेळी शोधत बसत नाही. तेव्हा दुसऱ्या खेपेपासून प्रोग्राम कॉल हाकेपेक्षा महाग असला, तरी लोक समजतात तितका नाही.

मग तो रडवतो कुठे? तर मित्र विक्षिप्त असेल तर! समजा त्याची सवय अशी की एक उत्तर दिलं की पेटी-वळकटी बांधायची, मेसचं खातं बंद करायचं, रूमची किल्ली रेक्टरांना द्यायची आणि एसटी पकडून गावी जायचं. पाच मिनिटांनी तुम्हाला दुसरा प्रश्न पडला की तो गावाहून पुन्हा येणार, रेक्टरांकडून किल्ली घेणार, वळकटी सोडणार, मेसचं खातं उघडणार आणि मग सांगणार, "अठरा टक्के." तुम्ही म्हणाल, असा वेडा कोण असतो? आरपीजीत असे प्रोग्राम शेकड्यांनी आहेत. 'एलआर' म्हणजे 'लास्ट रेकॉर्ड' नावाचा इंडिकेटर आहे. तो चालू करून प्रोग्राम परतला, तर त्याच्या फाइली बंद होतात आणि पुढच्या कॉलला सगळी व्हेरिएबल्स पुन्हा पहिल्यापासून मांडली जातात. तो चालू न करता नुसतं परतलं, तर बिऱ्हाड जिथल्या तिथे राहतं. पूर्वी प्रत्येक प्रोग्रामच्या शेवटी ही एलआरची ओळ लिहायची असं शिकवलं जायचं. एकदाच चालणाऱ्या रिपोर्टला ते बरोबरच आहे. पण तोच साचा कॉपी करून दर ओळीला बोलावल्या जाणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये गेला, आणि एसटीच्या फेऱ्या सुरू झाल्या.

याच्यावरची कडी म्हणजे अ‍ॅक्टिव्हेशन ग्रुप. जॉबच्या आत प्रोग्रामांची बिऱ्हाडं ज्या वाड्यात राहतात तो हा वाडा समजा. प्रोग्राम बनवताना "दर कॉलला नवीन ग्रुप" असं सांगता येतं. मग दर कॉलला अख्खा वाडा बांधायचा आणि उत्तर दिलं की पाडायचा. काही कामांना हे लागतं, पण बिलाच्या दर ओळीला नव्हे.

थोडा हिशेब करू. आकडे मोजलेले नाहीत, समजण्यापुरते धरलेले आहेत. रात्रीच्या जॉबमध्ये बिलांच्या १० लाख ओळी आहेत. एका बांधलेल्या कॉलला १ मायक्रोसेकंद धरा: एकूण १ सेकंद. प्रोग्राम कॉल त्याच्या दहापट महाग धरा: १० सेकंद. या नऊ सेकंदांवरून टीममध्ये महाभारत! आता एक फाइल उघडून बंद करायला १ मिलिसेकंद धरा. १० लाख वेळा म्हणजे १,००० सेकंद, साधारण पावणेसतरा मिनिटं. त्या प्रोग्राममध्ये अशा चार फाइली असतील तर तासाच्या वर. धरलेले आकडे निम्मे करा, दुप्पट करा, गोष्ट तीच राहते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. एका वितरक कंपनीचा बिलिंगचा जॉब रात्री दीडपर्यंत रेंगाळायचा, आणि पहाटे गोदामात माल भरणाऱ्यांना याद्या मिळायला उशीर व्हायचा. बिलाच्या दर ओळीला दर काढणारा एक प्रोग्राम बोलावला जायचा. मीटिंगमध्ये ठरत आलं होतं की तो प्रोग्राम सबप्रोसीजरमध्ये बदलायचा. तीन आठवड्यांचं काम, टेस्टिंग वेगळं. माझ्या टीममधल्या एका ज्युनियर मुलीने मीटिंग संपल्यावर चालू जॉबच्या उघड्या फाइलींची यादी स्क्रीनवर आणली आणि एफ-५ दाबत बसली. दर रिफ्रेशला त्या प्रोग्रामच्या चार फाइली कधी दिसायच्या, कधी गायब. दिवाळीतल्या लुकलुकत्या माळेसारख्या! पुढे परफॉर्मन्स एक्सप्लोरर नावाचं मोजमापाचं साधन लावलं, त्यानेही तेच सांगितलं: वेळ कॉलमध्ये नाही, उघडझापीत जातोय. एलआर काढायचा ठरला तेव्हा पहिला प्रश्नही तिनेच विचारला, "मग मागच्या गिऱ्हाइकाचं डिस्काउंट पुढच्याला चिकटणार नाही का?" बरोबर होतं तिचं. बिऱ्हाड जागेवर ठेवलं की खरकटी भांडीही जागेवरच राहतात. व्हेरिएबल्स आपण होऊन शून्य होत नाहीत, ती सुरुवातीला हाताने करावी लागतात. तेवढ्या ओळी घातल्या आणि जॉब बाराच्या आत संपायला लागला. प्रोग्राम कॉल होता तसाच राहिला.

आता पहिल्या पार्टीचा आनंद. सबप्रोसीजर म्हणजे आपोआप वेग, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी आणखी एक गंमत. २००८ च्या ६.१ आवृत्तीपासून आरपीजीत सबप्रोसीजरच्या आत लोकल फाइल घोषित करता येते. सोय छान आहे. पण त्या फाइलला 'स्टॅटिक' म्हटलं नाही, तर ती दर कॉलला उघडते आणि परतताना बंद होते. म्हणजे एसटीने ये-जा करणारा मित्र आता आपल्याच रूमवर राहायला आला, एवढाच फरक! कुणी जुना प्रोग्राम उत्साहाने सबप्रोसीजरमध्ये बदलला, फाइली आत लोकल म्हणून टाकल्या, तर जॉब होता तिथेच राहील. मग तिसरी पार्टी म्हणायला मोकळी, "बघा, सांगत होतो, कॉल स्लोच असतात."

कॉलला कधीच काही पडत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. एखादी दोन-चार ओळींची सबप्रोसीजर अक्षरा-अक्षराला बोलावली, आणि अशी अक्षरं कोट्यवधी असतील, तर कॉलचा खर्च आतल्या कामापेक्षा मोठा होतो. तिथे तो तुकडा लूपमध्येच लिहावा. दुसरं म्हणजे पॅरामीटर. मोठ्या स्ट्रिंग आणि मोठी डेटा स्ट्रक्चर व्हॅल्यूने पाठवली किंवा रिटर्न व्हॅल्यू म्हणून परत आणली, की कॉपी होते, आणि ६४ केबीची कॉपी लाखो वेळा केली तर ती जाणवतेच. यासाठी ७.१ आवृत्तीत 'आरटीएन पार्म' हा कीवर्ड दिला, तो परतीची किंमत आतून पॅरामीटरसारखी हाताळतो. साधा उपाय म्हणजे रेफरन्सने पाठवा, आणि बदलायची नसेल तर 'कॉन्स्ट' लिहा. तिसरं, एका प्रोग्रामला चाळीस सर्व्हिस प्रोग्राम जोडले तर सुरू होतानाच ते सगळे उभे करायला वेळ जातो. ऑपरेटरने दिवसातून दोनशे वेळा उघड-बंद करायच्या स्क्रीनला ते परवडत नाही. सर्व्हिस प्रोग्राम गरज लागेपर्यंत उठवू नका, असंही ६.१ पासून सांगता येतं.

आणि प्रोग्राम कॉलची बाजूही घेतली पाहिजे, कारण नव्या पोरांना तो जुनाट वाटतो. वेगळा प्रोग्राम एकट्याने बदलता येतो. तो मेनूवरून, सीएलमधून, दुसऱ्या भाषेतून, डेटाबेसच्या स्टोअर्ड प्रोसीजरमधून, कुठूनही बोलावता येतो. तो स्वतःच्या मालकाच्या अधिकाराने चालवता येतो. पगाराच्या फाइलला हात लावायची परवानगी ऑपरेटरला नाही, पण त्या एका प्रोग्रामला आहे, अशी व्यवस्था करायला हे फार उपयोगी पडतं. उलट सबप्रोसीजरमध्ये पॅरामीटर प्रोटोटाइपवरून कंपाइलच्या वेळीच तपासले जातात. जुन्या पद्धतीच्या प्रोग्राम कॉलमध्ये पाच आकड्यांच्या जागी सात आकड्यांचं व्हेरिएबल पाठवलं तरी कंपायलर काही बोलत नाही, रात्री अडीचला जॉब फुटतो तेव्हा कळतं. (प्रोग्राम कॉललाही प्रोटोटाइप लिहिता येतो. तो लिहावा.) सर्व्हिस प्रोग्रामला सिग्नेचर असते. आतल्या एक्स्पोर्टची यादी निष्काळजीपणे बदलली, तर त्याला जोडलेले जुने प्रोग्राम सुरूच होत नाहीत. म्हणजे निवड करताना बघायच्या गोष्टी या आहेत: कोण कुठून बोलावणार, कोण कधी बदलणार, अधिकार कुणाचा, चूक कधी पकडली जाणार. मायक्रोसेकंद यादीत बरेच खाली येतात.

हा वाद आरपीजीपुरता नाही, आणि नवाही नाही. डेव्हिड पार्नास यांचा १९७२ चा मॉड्यूलवरचा प्रसिद्ध पेपर आहे. एकाच प्रोग्रामची दोन प्रकारे विभागणी करून त्यांनी दाखवलं की जो निर्णय पुढे बदलेल तो एका मॉड्यूलमध्ये लपवा. त्याच पेपरात त्यांनी हेही कबूल केलंय की अशा विभागणीत छोटे कॉल फार होतात आणि ते नेहमीच्या पद्धतीने केले तर वेळ जाईल. पण त्यावर त्यांचं उत्तर "म्हणून विभागू नका" हे नव्हतं. लिहिताना वेगळं लिहा आणि मशीनकडे जाताना तो तुकडा जागेवर बसवायचं काम साधनांवर सोडा, असा त्यांचा रोख होता. १९७७ मध्ये गाय स्टील यांनी तर प्रोसीजर कॉल महाग असतो हे मिथक आहे असं शीर्षकातच म्हणून पेपर लिहिला. दोष कॉलच्या कल्पनेत नाही, कंपायलरांनी तो वाईट तऱ्हेने राबवला त्यात आहे, हा त्यांचा मुद्दा. आपल्यापैकी बहुतेकांचा जन्म व्हायच्या आधी हे लिहून झालंय! मेनफ्रेमवरच्या कोबोलमध्येही हेच नाटक वेगळ्या नटांनी चालतं: स्टॅटिक कॉल की डायनॅमिक कॉल. तिथे एलआरचं काम 'कॅन्सल' करतं, आणि दर कॉलनंतर कॅन्सल लिहिणारे महाभाग तिथेही आहेत.

आता मुख्य गोष्ट. ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती.

"कॉल नको, सलग लिहा" या नियमाचं बिल मशीनला येत नाही. मशीनचे काही सेकंद वाचतात, नाही वाचतात. बिल येतं ते माणसाला. १ जुलै २०१७ ला देशात जीएसटी लागू झाला. आमच्याकडे देखभालीला असलेल्या एका कारखान्याच्या सिस्टिममध्ये कर काढायचा कोड वेगामुळे म्हणून कॉपी करून ठेवलेला होता. बिलात, डेबिट नोटमध्ये, परत आलेल्या मालात, शाखा बदलीत, कोटेशनमध्ये, असा तीसहून जास्त ठिकाणी. जुने कर जाऊन नवे आले. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर सीजीएसटी आणि एसजीएसटी निम्मे निम्मे, दुसऱ्या राज्यात असेल तर आयजीएसटी. म्हणजे नुसता दर बदलायचा नव्हता, हिशेबाची रीतच बदलायची होती, पैसे कुठे राउंड करायचे तेही. एका ट्रेनीला ही सगळी ठिकाणं शोधायला बसवलं. कॉलेजातून बाहेर पडून वर्ष न झालेला मुलगा. त्याने नावांवरून शोध घेतला. परत आलेल्या मालाच्या प्रोग्राममध्ये कुणीतरी दहा वर्षांपूर्वी कॉपी करताना व्हेरिएबलची नावं बदलली होती, तो शोधात आलाच नाही. जुलैचा पहिला आठवडाभर क्रेडिट नोटा जुन्या कराने छापल्या गेल्या. अकाउंट्समधल्या काकांनी त्या एकेक हाताने दुरुस्त केल्या, रोज रात्री नऊपर्यंत बसून. आणि बोलणी कुणी खाल्ली? ट्रेनीने. तो कोड कॉपी करा असा नियम ज्यांनी लिहिला, ते तोवर दुसऱ्या कंपनीत मॅनेजर झाले होते.

त्यानंतर करासाठी एक सर्व्हिस प्रोग्राम झाला. सगळी बिलं-नोटा त्याच्याकडूनच कर काढून घेऊ लागल्या. रात्रीच्या जॉबला त्याने किती वेळ जास्त लागला हे आम्ही मोजलं, आणि जो फरक दिसला तो रोजच्या चढउतारात हरवण्याइतका होता. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे टप्पे पुन्हा बदलले, १२ आणि २८ टक्क्यांतल्या बहुतेक वस्तू ५ आणि १८ मध्ये गेल्या. त्या वेळी दरांचं टेबल बदललं, एक सबप्रोसीजर तपासली, आणि अकाउंट्सची मंडळी वेळेवर घरी गेली.

म्हणून कुणी मला विचारलं की फास्ट काय, तर मी आधी विचारतो: मोजलंस का? कुठे वेळ जातोय याचा कागद हातात नसताना "परफॉर्मन्स" हा शब्द म्हणजे आळसाला दिलेलं इस्त्रीचं शर्ट असतं. कॉपी-पेस्ट करायचंय, तोडून लिहायचा कंटाळा आहे, प्रोटोटाइप लिहायचा कंटाळा आहे, असं कुणी सरळ म्हणत नाही. परफॉर्मन्स म्हटलं की समोरचा गप्प बसतो.

आपल्या सिलॅबसची इथे थोडी तक्रार करतो, स्टाफने रागावू नये. अ‍ॅक्टिव्हेशन रेकॉर्ड, स्टॅटिक लिंकिंग, डायनॅमिक लिंकिंग हे सगळं आपण शिकतो. धामधेरे सरांच्या सिस्टिम्स प्रोग्रामिंगच्या पुस्तकातले लिंकर-लोडरचे धडे आमच्या बॅचने ओरलच्या आदल्या रात्री पाठ केले होते, आकृत्यांसकट. पण त्यातलं काय किती महाग आहे हे एकाही प्रॅक्टिकलमध्ये घड्याळ लावून बघितलं नव्हतं. मार्क डेफिनिशनला होते.

तेव्हा लॅबसाठी एक असाइनमेंट सुचवतो. आयबीएमचं मशीन लागत नाही, हॉस्टेलवरचा लिनक्स टाकलेला कुठलाही लॅपटॉप चालेल. सी मध्ये एक छोटं फंक्शन लिहा, दरांच्या फाइलमधून एक दर वाचणारं. मग ते पाच प्रकारे दहा लाख वेळा बोलवा: कोड लूपमध्येच लिहून, त्याच फाइलमधलं फंक्शन म्हणून, शेअर्ड लायब्ररी एकदाच 'डीएलओपन' करून, दर वेळी 'डीएलओपन' आणि 'डीएलक्लोज' करून, आणि शेवटी पुन्हा त्याच फाइलमधलं साधं फंक्शन, पण आत दर वेळी 'एफओपन' आणि 'एफक्लोज'. पहिल्या चारांत दरांची फाइल एकदाच उघडायची. वेळा जर्नलमध्ये लिहा, आणि रन करण्याआधी अंदाजही लिहा, पेनाने, म्हणजे नंतर खोडता येणार नाही. ज्यांना खरं मशीन बघायचंय त्यांच्यासाठी पब४०० नावाचा सर्व्हर आहे, त्यावर शिकण्यासाठी आयबीएम आयचं खातं फुकट मिळतं. तिथे हाच प्रयोग आरपीजीत करून एलआर एकदा ठेवून आणि एकदा काढून बघा.

लॅबचे सर-मॅडम परवानगी देत असतील तर टर्म सुरू होताना मी एक शनिवार येऊन हे घ्यायला तयार आहे. संपादक मंडळाकडे माझा नंबर आहे. चहा मात्र गेटसमोरच्या टपरीचाच लागेल.